अमेरिकन महाविद्यालयीन आइस हॉकी : राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघनिवड

अमेरिकेतील विद्यापीठांच्या पुरुष आइस हॉकी संघांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा दरवर्षी मार्चअखेर सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए, ही संस्था ती भरवते. आपल्याकडे नुसते ‘हॉकी’ म्हटले की हिरवे मैदान डोळ्यांसमोर येते. तिथे हॉकी म्हणजे बर्फावरचीच. वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साठहून अधिक संघ खेळतात आणि त्यांतले १६ या स्पर्धेत उतरतात. हे १६ संघ कोणते, हे आकडेमोडीने ठरते. निवड समिती असते, पण एखादा संघ घ्यायचा की वगळायचा यात तिच्या पसंतीला जवळजवळ जागा नसते. अमेरिकेतच महाविद्यालयीन बास्केटबॉलचे संघ बंद खोलीत चर्चा करून निवडतात आणि मग महिनाभर त्यावर वाद रंगतात. हॉकीत सूत्र जाहीर असते, निकाल जाहीर असतात आणि कुणीही घरी बसून तीच यादी तयार करू शकतो. या पद्धतीचे हे सर्वांत मोठे बलस्थान आहे.

पहिली स्पर्धा १९४८ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील ब्रॉडमूर आइस पॅलेसमध्ये झाली. संघ अवघे चार, दोन पूर्वेकडचे आणि दोन पश्चिमेकडचे. अंतिम सामन्यात मिशिगनने डार्टमथला ८-४ असे हरवले. पहिली दहा वर्षे स्पर्धा ब्रॉडमूरलाच होत राहिली. पुढे संघसंख्या वाढत गेली : १९८१ मध्ये ८, १९८८ मध्ये १२ आणि २००३ पासून १६. चारच संघ असताना जाणकारांनी एकत्र बसून नावे काढली तरी भागत होते. संख्या वाढली तसे काठावरचे संघही वाढले आणि त्यांना न्याय देण्यासाठी निश्चित मापाची गरज पडली.

१६ जागांपैकी सहा जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट मिळतात. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा कायमचा साखळी-गट. सध्या असे सहा गट आहेत : हॉकी ईस्ट, ईसीएसी, बिग टेन, एनसीएचसी, सीसीएचए आणि अटलांटिक हॉकी अमेरिका. हंगामाच्या अखेरीस प्रत्येक गट आपली बाद फेरीची स्पर्धा घेतो. ती जिंकणारा संघ हंगामभर कितीही रडतखडत खेळला असला तरी राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचतो. उरलेल्या दहा जागा क्रमवारीनुसार भरल्या जातात. त्यामुळे एखाद्या गटात तळाचा संघ अनपेक्षितपणे जिंकला की क्रमवारीतल्या काठावरच्या संघाची एक जागा कमी होते. अलास्कातील दोन विद्यापीठांसारखे संघ अलीकडच्या हंगामांत कोणत्याच गटात नाहीत. त्यांना थेट प्रवेशाचे दार बंदच असते. क्रमवारी हाच एक मार्ग.

ही क्रमवारी अनेक वर्षे ‘पेअरवाइज’ नावाने ओळखली जात असे. त्यात प्रत्येक संघाची बाकी प्रत्येक संघाशी एकास एक तुलना होई. तुलनेचे निकष तीन. ज्याचा आरपीआय हा निर्देशांक जास्त, त्याला एक गुण. दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ज्याची कामगिरी सरस, त्याला एक गुण. आणि आपसातल्या प्रत्येक विजयाला एकेक गुण. समजा, ‘अ’चा आरपीआय जास्त आहे, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ‘ब’ सरस आहे आणि आपसातले दोन सामने एकेक असे वाटले गेले आहेत. दोघांचे गुण दोन-दोन झाले. अशा वेळी आरपीआय निर्णायक ठरे आणि तुलना ‘अ’ जिंके. पण तेच दोन्ही सामने ‘ब’ने जिंकले असते, तर निर्देशांक कमी असूनही तुलना त्याच्या खात्यात गेली असती. ज्याने अशा तुलना सर्वाधिक जिंकल्या, तो पहिला. नोव्हेंबरमध्ये समोरासमोर हरलेला सामना मार्चमध्ये असा अंगाशी येई.

आरपीआयची घडण अशी होती : स्वतःच्या विजयांच्या टक्केवारीला २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला २१ आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला ५४. एखाद्या संघाचे हे तीन आकडे ०.६००, ०.५२० आणि ०.५१० असतील, तर निर्देशांक ०.१५०० + ०.१०९२ + ०.२७५४ = ०.५३४६ येतो. ५४ हा आकडा पाहून वाटते की सगळा खेळ तिसऱ्या घटकाचाच आहे. प्रत्यक्षात तसे नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांपर्यंत गेले की बहुतेक सगळे डिव्हिजन वन त्यात येते आणि प्रत्येक संघाचा हा आकडा ०.५००च्या आसपासच राहतो. सगळ्यांना जवळपास सारखेच मिळत असेल, तर त्याने फरक पडत नाही. संघांना वेगळे काढतात ते पहिले दोन घटकच.

या सूत्राला वेळोवेळी ठिगळेही लावावी लागली. दुबळ्या संघाला हरवले तर प्रतिस्पर्ध्यांची सरासरी खाली येते आणि जिंकूनही निर्देशांक घसरू शकतो. हा उघड अन्याय होता, म्हणून असे विजय हिशेबातून वगळण्याची तरतूद झाली. २०१३-१४ पासून घरच्या रिंकवरचा, म्हणजे बर्फाच्या मैदानावरचा, विजय ०.८ आणि बाहेरचा विजय १.२ असा मोजला जाऊ लागला. पराभवांचे वजन याच्या उलट. मोठी विद्यापीठे हंगामाच्या सुरुवातीला लहान संघांना आपल्याकडेच बोलावून घेतात, हे पाहता हा बदल रास्त होता. पहिल्या वीस संघांपैकी कुणाला हरवले तर वरून थोडी भरही मिळे, पहिल्या क्रमांकासाठी ०.०५ पासून विसाव्यासाठी ०.००२५ पर्यंत.

इतक्या बारीक हिशेबात हंगामभराच्या कष्टांचे भवितव्य चौथ्या दशांश स्थळावर येऊन ठेपते. क्रिकेटमध्ये नेट रनरेटवर जीव टांगणीला लागतो, तसेच. २०१८ मध्ये मिनेसोटा-डलूथ आणि मिनेसोटा या एकाच राज्यातल्या दोन संघांत आरपीआयचा फरक होता ०.०००१. डलूथला क्रमवारीतली शेवटची जागा मिळाली आणि मिनेसोटा घरी राहिले. डलूथने पुढे अंतिम सामन्यात नोत्र दामला २-१ असे हरवून अजिंक्यपद पटकावले.

त्याआधी, २०१३ मध्ये, येलची कथा याहून विलक्षण होती. आपल्या कॉन्फरन्सच्या अखेरच्या दोन सामन्यांत येलने एकही गोल केला नव्हता : युनियनकडून ०-५ आणि क्विनिपियाककडून ०-३ अशी हार. त्यांचे नशीब दुसऱ्याच सामन्यावर अवलंबून होते. सीसीएचएच्या अंतिम सामन्यात मिशिगन जिंकले असते, तर थेट प्रवेश घेऊन त्याने येलची जागा घेतली असती. मिशिगन नोत्र दामकडून हरले, त्यांची सलग २२ वर्षांची हजेरी खंडित झाली आणि येल पंधराव्या मानांकनाने आत आले. मग मिनेसोटा, नॉर्थ डकोटा आणि मॅसॅच्युसेट्स-लोवेल यांना हरवून त्यांनी अंतिम फेरी गाठली. समोर अग्रमानांकित क्विनिपियाक होते. त्या हंगामात येल त्यांच्याकडून तिन्ही वेळा हरले होते. चौथ्या वेळी ४-० असे जिंकले. काठावरच्या संघाची जागा नीट मोजून देणे का महत्त्वाचे, याला यापेक्षा चांगला दाखला नाही.

समितीचे खरे काम सुरू होते ते १६ नावे ठरल्यावर. क्रमाने चार-चारांचे चार स्तर पाडतात आणि संघ चार शहरांतल्या विभागीय फेऱ्यांत वाटतात. वरच्या चारांना शक्यतो घराजवळचे ठिकाण दिले जाते. पहिल्या फेरीत एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ समोरासमोर येऊ नयेत, असा प्रयत्न असतो. यजमान विद्यापीठ पात्र ठरले, तर त्याला आपल्याच ठिकाणी खेळावे लागते. २०२५ मध्ये पेन स्टेट अशाच नियमाने ॲलनटाउनला खेळले आणि तिथून पहिल्यांदाच राष्ट्रीय उपांत्य फेरीत, म्हणजे ‘फ्रोझन फोर’मध्ये, पोहोचले. शिवाय प्रेक्षागृह भरेल का, हाही विचार होतो. २०१५ मध्ये पंधराव्या क्रमांकाच्या प्रॉव्हिडन्स संघाला त्याच्याच शहरात खेळायला मिळाले, यजमान मात्र ब्राउन विद्यापीठ होते. पहिल्या स्तरातल्या मायामीला पहिल्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या गावी उतरावे लागले. प्रॉव्हिडन्स पुढे विजेतेही झाले. तिकीटविक्रीसाठी वरच्या मानांकनाचा हक्क पातळ करणे योग्य नाही. आकड्यांनी राखलेली निष्पक्षता इथे सैल पडते.

आकडेच कोलमडले असे वर्ष म्हणजे २०२१. करोनामुळे बहुतेक संघ आपल्या गटाबाहेर खेळलेच नाहीत. गटागटांना जोडणारे सामनेच नसतील, तर तुलना कशाच्या आधारे करायची? त्या वर्षी समितीला स्वतःच्या निर्णयाने संघ निवडावे लागले. २०२० ची स्पर्धा तर रद्दच झाली होती.

महिलांची राष्ट्रीय स्पर्धा २००१ मध्ये चार संघांनी सुरू झाली, २००५ मध्ये आठ आणि २०२२ मध्ये अकरा संघांची झाली. तिथे वरच्या मानांकनाचे संघ सुरुवातीच्या फेऱ्या आपल्याच रिंकवर खेळतात. मानांकनाचे मोल त्यामुळे अधिक खरे उतरते.

आरपीआयवर गणिताची आवड असलेल्या चाहत्यांनी पूर्वीपासून टीका केली आहे. प्रतिस्पर्ध्याचे बळ नुसत्या टक्केवारीने मापले की दुबळ्या गटात जिंकणारा आणि तगड्या गटात झुंजणारा यांतला भेद पुसट होतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्यांनी ‘क्रॅच’ या पर्यायी क्रमवारीचा आग्रह धरला. ती ब्रॅडली-टेरी या सांख्यिकी पद्धतीवर आधारलेली आहे. समितीने ती स्वीकारली नाही. मात्र २०२५-२६ च्या हंगामापासून पेअरवाइजची जागा एनपीआय या एकाच निर्देशांकाने घेतली. यात प्रतिस्पर्ध्याचे बळ त्याच्या स्वतःच्या एनपीआयवरूनच ठरते, त्यामुळे सगळ्या संघांचे आकडे स्थिर होईपर्यंत गणित पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. एकास एक तुलना गेली आणि तिच्याबरोबर आपसातल्या विजयाला मिळणारा वेगळा गुणही गेला.