मुंबई–चिपी हवाई अंतर आणि प्रवासवेळ

मुंबई विमानतळ आणि सिंधुदुर्ग विमानतळ (चिपी, ता. वेंगुर्ले) यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे 350 किमी, म्हणजेच 189 सागरी मैल आहे. 9 ऑक्टोबर 2021 रोजी चिपीचे उद्घाटन झाले आणि अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. त्या वेळापत्रकात मुंबईहून 11:35 ला निघून 13:00 ला पोहोचायचे होते: 1 तास 25 मिनिटे. या मार्गावरचे एटीआर 72-600 हे पंख्यांचे विमान उंचीवर ताशी 500 किमीच्या आसपास जाते. त्या वेगाने 350 किमीला 42 मिनिटे पुरतात. म्हणजे निम्मा वेळ अंतराचा नसतोच.

अंतर कागदावर काढता येते. मुंबईचे अक्षांश 19.09, चिपीचे 16.00, फरक 3.09 अंश, गुणिले 111, म्हणजे 343 किमी. रेखांशांचा फरक 0.66 अंश, पण या अक्षांशावर अंश आक्रसून 106 किमीचा होतो, म्हणून 70 किमी. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ 350.

वेळापत्रकातली वेळ विमान जागा सोडल्यापासून दुसरीकडे जागेवर लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेवर, रांग लागते. चढताना एटीआरचा वेग ताशी 300 किमीच्या घरात असतो. शिवाय मार्ग उत्तर-दक्षिण, तर मुंबईची मुख्य धावपट्टी आणि चिपीची 2,500 मीटरची धावपट्टी या दोन्ही पूर्व-पश्चिम. उतरण्याआधी वळसा ठरलेलाच. पुणे–चिपी अंतर सुमारे 290 किमी आहे आणि 2024 मध्ये फ्लाय91 या विमान कंपनीने त्याला 1 तास 5 मिनिटे धरली. म्हणजे मुंबईपेक्षा वीस मिनिटे कमी. त्यातली सात 60 किमीच्या फरकाला लागतात. उरलेली तेरा प्रामुख्याने मुंबईच्या गर्दीची.

पश्चिमेचा वारा या मार्गाला आडवा पडतो, म्हणून जाण्यायेण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. पावसाळ्यातली खरी अडचण दृश्यमानतेची. चिपीच्या जांभ्याच्या सड्यावर (सपाट खडकाळ पठारावर) ढग इतके खाली येतात की ठरलेल्या किमान उंचीवर येऊनही वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. मग विमान पुन्हा वर घ्यावे लागते. टाकीत पर्यायी विमानतळ गाठून वर 30 मिनिटे पुरेल एवढे इंधन राखीव असते, त्यामुळे घिरट्या घालण्याला मर्यादा असते. चिपीपासून हवेतून 45 किमीवर असलेले गोव्यातले मोपा विमानतळ हा जवळचा पर्याय. तिथे उतरल्यास बांदा-सावंतवाडीमार्गे मोटारीने मागे यावे लागते.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब वेगळाच. सामानाचा काउंटर सहसा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि चिपीहून कुडाळ सुमारे 25 किमी आहे. अंधेरीहून कुडाळला जाणाऱ्याने साडेचार तास धरावेत. जून ते सप्टेंबर या काळात त्याच दिवशीची पुढची गाडी चिपीच्या भरवशावर आरक्षित करू नये.