कुत्र्यांतील जठरविस्फार व जठरपीळ

वायू, द्रव किंवा फेस साठून कुत्र्याचे जठर एकाएकी ताणले जाते (जठरविस्फार) आणि स्वतःच्या अक्षाभोवती फिरून त्याची दोन्ही तोंडे आवळली जातात (जठरपीळ). उपचार न मिळाल्यास ही अवस्था बहुधा काही तासांतच प्राण घेते. श्वानपालक तिला ‘ब्लोट’ किंवा ‘पोटफुगी’ म्हणतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटफुगीशी मात्र तिचे साम्य नावापुरतेच आहे. येथे जठराची जागाच बदललेली असल्याने तोंडावाटे दिलेल्या औषधाने पीळ सुटत नाही.

कुत्रा उताणा असताना शेपटीच्या बाजूने पाहिल्यास पीळ बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, साधारण १८० ते २७० अंशांचा आढळतो. जठराचे आतड्याकडील तोंड उजवीकडून डावीकडे सरकते आणि जठराला बांधलेली प्लीहाही ओढली जाते. फुगलेल्या जठराखाली अधोमहानीला (शरीराच्या मागच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी मोठी रक्तवाहिनी) व यकृताकडे जाणारी प्रवेशिका नीला दबतात, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि कुत्रा अवसादात (शॉकमध्ये) जातो. जठराची भित्ती रक्ताअभावी मरू लागते. मृत्यूचे कारण म्हणून पोट ‘फुटणे’ सांगितले जाते, परंतु बहुतेक वेळा रक्ताभिसरण कोलमडणे हेच खरे कारण असते.

साठणारा वायू कोठून येतो, यावर एकमत नाही. एका मतानुसार ती गिळलेली हवा असते. दुसऱ्या मतानुसार अन्न जठरातच आंबते. काही विश्लेषणांत वायूचे घटक बाहेरच्या हवेशी जुळले, तर काहींत कर्बद्वि-ऑक्साइडाचे प्रमाण इतके आढळले की केवळ गिळलेल्या हवेने त्याचा उलगडा होत नाही. दोन्ही वाटा संभवतात, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. आधी फुगवटा की आधी पीळ, हाही प्रश्न असाच खुला आहे.

ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, वायमरानर, आयरिश सेटर, जर्मन शेफर्ड अशा खोल व अरुंद छातीच्या मोठ्या जातींत धोका सर्वाधिक असतो. लहान चणीचे कुत्रेही पूर्णतः सुरक्षित नसतात. वाढते वय, जवळच्या रक्तसंबंधात हा विकार असणे, भरभर खाणे आणि दिवसाचे सर्व अन्न एकाच वेळी देणे यांचा संबंध वारंवार दिसला आहे. खाण्याचे भांडे उंचावर ठेवल्याने धोका टळतो, असा सल्ला पूर्वी दिला जाई. ग्लिकमन व सहकाऱ्यांनी पर्ड्यू विद्यापीठातून २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ११ जातींच्या कुत्र्यांच्या पाहणीत, नेमके उलट आढळले: उंच भांड्याने धोका वाढला. त्याला सर्वत्र दुजोरा मिळालेला नसला, तरी भांडे जमिनीवर ठेवणेच आज इष्ट समजले जाते.

सर्वांत बोलके लक्षण म्हणजे कोरड्या ओकाऱ्या. कुत्रा पुढचे पाय फाकवून उभा राहतो, मान ताणतो, पोट आत खेचून उमाळे काढतो आणि बाहेर पडते ती फक्त चिकट, फेसाळ लाळ. तो एका जागी ठरत नाही, वळून कुशीकडे पाहतो, धापा टाकतो. पोट ताठरते व टिचकी मारल्यास ढोलासारखे वाजते. परंतु खोल छातीच्या कुत्र्यात फुगलेले जठर बरगड्यांआड लपू शकते, म्हणून पोट फुगलेले दिसेपर्यंत थांबणे घातक ठरते. हिरड्या फिकट पडणे, बोटाने दाबल्यावर त्यांचा रंग परतण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागणे व कोसळणे ही उशिराची चिन्हे होत.

कुत्र्याला अन्न, पाणी वा औषध देऊ नये, ओकारी करवू नये, पोट चोळू नये. रुग्णालयास दूरध्वनीने कळवून तत्काळ निघावे. घरी नळी वा सुई घालण्याचा प्रयत्न जीवघेणा ठरू शकतो. रुग्णालयात पुढच्या पायाच्या नीलेतून वेगाने द्रव दिले जातात, कारण मागच्या भागातील रक्ताचा परतीचा मार्ग दबलेला असतो. नळीने किंवा पोकळ सुईने वायू काढला जातो. नळी सहज आत गेली म्हणून पीळ नाही, असे मात्र म्हणता येत नाही. उजव्या कुशीवर घेतलेल्या क्ष-किरण चित्रात जठराचे दोन वायुभरले कप्पे दिसले, की पीळ निश्चित होतो. शस्त्रक्रियेत जठर सरळ करून मृत भाग काढतात. त्यानंतरचे दोन-तीन दिवस हृदयाच्या ठोक्यांतील अनियमिततेवर लक्ष ठेवावे लागते.

शस्त्रक्रियेच्याच वेळी जठर उजव्या पोटभित्तीस टाके घालून जखडतात (जठरबंधन). तसे न केल्यास निम्म्याहून अधिक कुत्र्यांत पीळ पुन्हा पडतो. केल्यास तो क्वचितच पडतो. धोक्याच्या जातींत हे बंधन निर्बीजीकरणाच्या वेळीच करून घेता येते. बांधलेले जठरही फुगू शकते, त्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यास कोरड्या ओकाऱ्या सुरू झाल्या तरी त्याला तितक्याच तातडीने पशुवैद्याकडे न्यावे लागते.