द्राक्षाला सब्ज्याचा वास येतो कुठून?

माझा भाचा रोमेनियातल्या क्लुज शहरात नोकरी करतो. 2022 च्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा फिकट गुलाबी वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आला. लेबलवर नाव होतं ‘बुसुय्वाका दे बोहोतिन’. फोनमधल्या अनुवादाने त्याचं ‘बोहोतिनची तुळस’ असं काहीतरी केलं आणि दुसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी फिरली की रोमेनियात तुळस घालून वाइन करतात आणि ती औषधी असते.

औषधीचं आधी सांगून टाकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. तुळशीचं नाव जोडल्याने दारूचा काढा होत नाही. असले संदेश पुढे पाठवू नका.

आता वासाकडे येऊ. त्या वाइनमध्ये एकही पान घातलेलं नसतं. बुसुय्वाका ही द्राक्षाची जात आहे आणि बोहोतिन हे याश जिल्ह्यातलं, रोमेनियाच्या पूर्वेकडच्या मोल्दोव्हा प्रांतातलं गाव. ‘बुसुयोक’ म्हणजे तुळशीच्या कुळातला सब्जा, आपण फालुद्यात ज्याचं बी घालतो तो. रोमेनियात त्याला जवळजवळ तुळशीइतकाच मान आहे. पाद्री तीर्थ शिंपडतात ते सब्ज्याच्या जुडीने. 6 जानेवारीच्या सणाच्या आदल्या रात्री लग्नाच्या मुली त्याची काडी उशाखाली ठेवतात, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात दिसतो म्हणे. स्वप्नाचा आणि काडीचा काही संबंध नाही. द्राक्षाचा आणि सब्ज्याचा संबंध मात्र खरा आहे आणि तो एका रेणूचा आहे.

रोमेनियाच्या द्राक्षांची नावं मला फार आवडतात, कारण ती घरातल्यासारखी आहेत. ‘फेत्यास्का’ म्हणजे मुलीची. तिच्यात पांढरी, काळी आणि राजेशाही अशा तिघी आहेत. ‘बब्यास्का’ म्हणजे म्हातारीची, आजीची. कोत्नारीची ‘ग्रासा’ म्हणजे लठ्ठ. आणि ‘तमय्वासा’ म्हणजे धुपासारखी, चर्चमध्ये जळतो त्या धुपासारखी. हिचं फ्रान्सकडचं नाव मस्कत. बारीक मण्यांची पांढरी मस्कत ती हीच. बुसुय्वाकाही याच सुवासिक घराण्यात धरतात, फक्त तिची साल गुलाबी. धुपाच्या तेलात पाइनीन नावाचं वासाचं द्रव्य जास्त असतं, मस्कतच्या वासाचा कणा वेगळा आहे. त्यामुळे धुपाचं नाव लोकांनी आदराने दिलं असावं असं मला वाटतं. सब्ज्याचं नाव मात्र नाकाने दिलेलं आहे.

एक काम करा. मूठभर धणे खलबत्त्यात जाडसर कुटा आणि लगेच नाक जवळ न्या. मसाल्याचा उग्रपणा बाजूला ठेवलात तर मागून एक फुलासारखा, थोडा लिंबाकडे झुकणारा गोड वास येतो. तो लिनालूल. धण्याच्या तेलाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग तोच असतो. युरोपात पिकणाऱ्या सब्ज्यातही तो भरपूर असतो. आपल्याकडच्या सब्ज्यात पुष्कळदा मिथाइल चॅव्हिकॉल वरचढ ठरतं, म्हणून तो बडीशेपेकडे जातो. अंगणातल्या तुळशीत युजेनॉल, म्हणजे लवंगेचा वास. म्हणजे ‘तुळशीची वाइन’ हे भाषांतर वनस्पतिशास्त्रातही चुकलं आणि रसायनातही.

लिनालूल ओळखायला नाकाला फार थोडं लागतं. वाइनमध्ये लिटरला साधारण 25 मायक्रोग्रॅम असलं तरी पुरतं. म्हणजे एक ग्रॅम लिनालूल दहा-दहा हजार लिटरच्या चार टँकरना पुरेल. मस्कतच्या वाइनमध्ये ते या मर्यादेच्या कितीतरी पट असतं. मग नाशिकच्या थॉमसनच्या घडाला हा वास का नाही? द्राक्षच आहे, साखरही भरपूर आहे. वेगळं काय आहे?

इथे मला जरा पेशीच्या आत जायचं आहे. वनस्पतीच्या पेशीत प्लास्टिड नावाचे कप्पे असतात. हिरव्या पानातले हरितकण त्यांच्यापैकीच. तिथे साखरेच्या विघटनातून आलेले दोन छोटे रेणू, पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेट, एकमेकांना जोडले जातात. जोडणाऱ्या विकराला डीएक्सएस म्हणतात. तिथून पुढे बऱ्याच पायऱ्या होऊन पाच कार्बनची एक वीट तयार होते. अशा दोन विटा जुळल्या की दहा कार्बनचं जेरॅनिल डायफॉस्फेट, आणि त्यातून वेगवेगळी विकरं लिनालूल, जेरॅनिऑल, नेरॉल काढतात. सगळ्या साखळीचा वेग बराचसा पहिल्या पायरीवर ठरतो. डीएक्सएस मंद असेल तर पुढच्या विकरांकडे कामच येत नाही.

मस्कतमध्ये या डीएक्सएसच्या जनुकात एक छोटासा बदल आहे. प्रथिनाच्या माळेत 284 व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असायला हवं, तिथे अ‍ॅस्परॅजीन बसलं आहे. शेकडो मण्यांच्या माळेतला एक मणी बदलला, विकर जास्त जोमाने चालू लागलं आणि पुढची सगळी साखळी भरून वाहू लागली. हा बदल कुणी प्रयोगशाळेत केलेला नाही. तो आपोआप झाला, कुणाच्या तरी नाकाने तो हेरला आणि त्या वेलीच्या काड्या लावत गेले. द्राक्षाचं बी पेरलं तर वेल आईसारखी निघत नाही. काडी लावली तरच तोच वेल पुढे चालतो. त्यामुळे बोहोतिनच्या मळ्यातली प्रत्येक बुसुय्वाका ही जवळजवळ एकाच वेलीची लांबलेली फांदी आहे.

इतका वास बनतो, तर घड हुंगल्यावर घमघमाट का सुटत नाही? कारण वेल त्यातला बराचसा भाग कुलूपबंद करून ठेवतो. लिनालूलच्या रेणूला ग्लुकोज चिकटवलं की तो पाण्यात विरघळतो आणि हवेत उडत नाही. हवेत न उडणाऱ्या रेणूला नाकाच्या दृष्टीने वास नाही. पुष्कळदा ग्लुकोजवर आणखी एक साखर बसते, कधी ऱ्हॅमनोज, कधी अ‍ॅराबिनोज. म्हणजे कुलूपावर कुलूप. मस्कतच्या सालीत असा बांधलेला वास मोकळ्या वासाच्या कितीतरी पट असतो. किल्लीही दोन टप्प्यांत लागते. आधी बाहेरची साखर तोडणारं विकर, मग ग्लुकोज तोडणारं. द्राक्षात ही दुसरी किल्ली असते, पण रस इतका आंबट आणि इतका गोड असतो की ती नीट फिरत नाही. उरलेलं काम थोडंफार यीस्ट करतं, आणि बाटलीतलं आम्ल हळूहळू करत राहतं. वाइन करणारे म्हणूनच चेचलेली द्राक्षं थंड ठेवून काही तास सालीसकट मुरू देतात. सालीतलं भांडार रसात उतरायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

रोमेनियाची जमीन आणि हवा याला साथ देते. कार्पेथियन पर्वत देशाच्या मधून कमानीसारखा वळतो आणि द्राक्षमळे त्याच्या दोन्ही अंगांना उतारावर बसले आहेत. पूर्वेला मोल्दोव्हा, आत ट्रान्सिल्व्हेनियात थंड तर्नावे, दक्षिण उतारावर ‘द्यालु मारे’, म्हणजे मोठी टेकडी, आणि काळ्या समुद्राजवळ कोरड्या दोब्रोजात मुर्फातलार. तमय्वासासाठी प्येत्रोआसा प्रसिद्ध आहे, 1837 मध्ये जिथे सोन्याचा मोठा ठेवा सापडला तो परिसर. शरद ऋतूत दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की वास आणि आंबटपणा दोन्ही टिकतात. कडक उन्हाळ्यात दोन्ही उडून जातात.

1884 मध्ये द्यालु मारे भागात फिलॉक्सेरा ही मुळं शोषणारी कीड आढळली आणि मळे उद्ध्वस्त होत गेले. तोडगा आपल्या बागायतदारांना पाठ असलेलाच होता: अमेरिकन खुंटावर कलम. नाशिक-सांगलीत डॉगरिज खुंट मुख्यतः पाण्याची टंचाई आणि क्षारांसाठी लावतात, तिथे अमेरिकन खुंट लागला तो किडीला तोंड द्यायला. खुंट परका असला तरी वरची फांदी आपलीच जनुकं घेऊन वाढते. 284 व्या जागचं अ‍ॅस्परॅजीन कलमातून जसंच्या तसं पुढे गेलं.

भाच्याने आणलेल्या दोन बाटल्यांपैकी एक त्याच दिवाळीत उघडली होती. मी पेला नुसता हुंगला आणि मला पहिल्यांदा आठवला तो खलबत्ता. दुसरी बाटली बहिणीने चांगल्या प्रसंगासाठी म्हणून माळ्यावर ठेवली. जुनी वाइन चांगली, असं सगळेच म्हणतात. दोन उन्हाळे गेले. यंदा ती उघडली तेव्हा धण्याचा वास पार मावळला होता, मागे मधासारखं काहीतरी उरलं होतं. आम्लात राहून राहून लिनालूलचं अल्फा-टर्पिनिऑल होतं, आणि ते नाकाला जाणवायला कितीतरी पट जास्त लागतं. माळ्यावरच्या उकाड्याने ते काम आणखी लवकर उरकलं. भाचा पुढच्या महिन्यात परत येतो आहे. त्याला सांगितलंय, बाटली आणलीस तर यंदाच्या हंगामाची आण, ती फ्रिजमध्ये ठेवू आणि आठवड्याच्या आत उघडू.