अंतराने घडवलेली पाणबुडी

१९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. ती मूळची अमेरिकी. तिचं पहिलं नाव 'डियाब्लो'. १९४४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली आणि १९६३ मध्ये अमेरिकेने ती पाकिस्तानला भाडेकराराने दिली. ती कशी बुडाली यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न म्हणजे ती तिथवर पोहोचली कशी. कराचीहून निघायचं, भारताला दक्षिणेकडून पूर्ण वळसा घालायचा आणि बंगालच्या उपसागरात दबा धरून बसायचं, एवढा पल्ला तेव्हा पाकिस्तानच्या दुसऱ्या कुठल्याच पाणबुडीला नव्हता. हा पल्ला आखला गेला होता वेगळ्या समुद्रासाठी आणि वेगळ्या शत्रूसाठी. हवाई बेटांवरून निघून जपानच्या दारात जायचं, तिथे काही आठवडे गस्त घालायची आणि त्याच इंधनावर परत यायचं. अशी पाणबुडी बांधायला अमेरिकेला दोन महायुद्धांमधली जवळजवळ सगळी वीस वर्षं लागली.

सुरुवात फार उत्साहवर्धक नव्हती. जॉन हॉलंड या आयरिश स्थलांतरिताने बनवलेली पाणबुडी अमेरिकी नौदलाने १९०० मध्येच विकत घेतली होती, म्हणजे या क्षेत्रात अमेरिका मागून आलेली नव्हती. तरी पहिलं महायुद्ध संपल्यावर सहा जर्मन यू-बोटी तिच्या वाट्याला आल्या, तेव्हा अभियंत्यांचे डोळे उघडले. त्या बोटी आधी युद्धरोख्यांच्या प्रचारासाठी बंदरोबंदर फिरवल्या गेल्या, मग खोलून तपासल्या गेल्या. 'यू-१११' ही त्यातली एक तर ताफ्याची सोबत न घेता एकटी अटलांटिक ओलांडून आली. जर्मन डिझेल इंजिनं, पेरिस्कोप, बुडी मारायला लागणारा वेळ, सगळ्याच बाबतींत त्या सरस निघाल्या. त्याच वेळी अमेरिकेत 'एस' वर्गाच्या ५१ पाणबुड्या बांधल्या जात होत्या. पुढची दहा-पंधरा वर्षं नौदलाला याच बोटींवर काढावी लागली. आत कोंदट हवा, भिंतींवरून ओघळणारं पाणी, डिझेलचा वास, आंघोळीची वानवा. खलाशी पाणबुड्यांना 'पिग बोट' म्हणत.

दरम्यान १९२२ चा वॉशिंग्टन करार झाला. युद्धनौकांच्या संख्येवरून तो प्रसिद्ध आहे. पाणबुड्यांवर बंदीच घालावी, असं ब्रिटनचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही आणि पाणबुड्यांच्या एकूण टनभारावर मर्यादाही आली नाही. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक ठरलं ते त्यातलं एकोणिसावं कलम. फिलिपीन्स आणि ग्वाम इथल्या नाविक तळांची नवी तटबंदी करायची नाही, हे अमेरिकेने त्यात कबूल केलं. जपानशी युद्ध झालंच तर काय करायचं याचा आराखडा, 'वॉर प्लॅन ऑरेंज', कागदावर तयार होता. आता त्या आराखड्यात पर्ल हार्बर ते मनिला या चार हजारांहून अधिक सागरी मैलांच्या पाण्यात भरवशाचा बळकट तळच उरला नाही. १९२० मध्ये पर्ल हार्बरला पाणबुड्यांचा तळ उभारायला ज्या तरुण अधिकाऱ्याला पाठवलं होतं, त्याचं नाव चेस्टर निमित्झ. पुढे पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख झाला तो हाच.

अंतर एवढं, तर पाणबुडीही तेवढीच मोठी हवी, असा पहिला तर्क होता. मोठ्या युद्धनौकांच्या ताफ्याबरोबर पळू शकेल अशी पाणबुडी नौदलाला हवी होती आणि त्यासाठी पृष्ठभागावर २० नॉटच्या वर वेग लागत होता. 'टी' वर्गाच्या तीन बोटी इंजिनांच्या थरथराटाने निकामी ठरल्या. मग 'व्ही' मालिकेच्या नऊ बोटी आल्या, जवळजवळ प्रत्येक प्रयोग वेगळा. पहिल्या तीन ठरलेला वेग कधीच गाठू शकल्या नाहीत. चौथी 'आर्गोनॉट' ३८१ फूट लांब, ६० सुरुंग वाहणारी, अणुशक्तीपूर्व काळातली अमेरिकेची सर्वांत मोठी पाणबुडी. 'नारव्हाल' आणि 'नॉटिलस' यांच्यावर सहा इंची तोफा. या राक्षसी बोटी लांब जात हे खरं, पण त्यांना बुडी मारायला वेळ लागे आणि वळवणं जड जाई. या मालिकेला अपयश म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. काय करू नये हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कशाने कळलं नसतं.

या काळाची खरी वेदना मात्र अपघातांत आहे.

सप्टेंबर १९२० मध्ये 'एस-५' डेलावेअरच्या किनाऱ्याजवळ बुडाली. खलाशांनी तिचं शेपूट पाण्याबाहेर येईल अशी ती उभी केली आणि आतून पोलादाला भोक पाडायला घेतलं. जवळून जाणाऱ्या जहाजाला ते शेपूट दिसलं आणि सगळे वाचले. १९२५ मध्ये 'एस-५१' ला रात्री एका प्रवासी जहाजाची धडक बसली. ३६ पैकी तिघे वाचले. तिचा शोध घ्यायला गेलेल्या 'एस-१' चा कप्तान होता चार्ल्स मॉमसेन. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, खाली आपली माणसं आहेत हे कळलं, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला हातात काहीच साधन नव्हतं. त्याने बुडालेल्या पाणबुडीच्या झाकणावर नेमकी बसेल अशा घंटेच्या आकाराच्या पेटीची कल्पना वरिष्ठांकडे पाठवली. ती फेटाळली गेली.

मग १७ डिसेंबर १९२७. मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ पाण्यावर येत असलेल्या 'एस-४' वर तटरक्षक दलाची 'पॉल्डिंग' आदळली. पाणबुडी सुमारे शंभर फुटांवर तळाला टेकली. ४० माणसांपैकी सहा जण पुढच्या टॉर्पेडोच्या खोलीत जिवंत होते. बुडी मारणारा एक माणूस खाली उतरला, त्याने पत्र्यावर ठोकलं, आतून ठोकून उत्तर आलं. ठोक्यांच्या भाषेत त्यांनी विचारलं, काही आशा आहे का. वर वादळ होतं, काम थांबवावं लागलं आणि तीनेक दिवसांत ते ठोके थांबले. अवघ्या शंभर फुटांवर! सगळ्या अमेरिकेने हे वर्तमानपत्रांतून दिवसागणिक वाचलं. त्यानंतर मात्र दारं उघडली. मॉमसेनने श्वासोच्छ्वासाची पिशवी बनवली, जिला 'मॉमसेन लंग' हे नाव मिळालं. त्याची घंटाही अखेर मंजूर झाली आणि ॲलन मॅकॅन या अधिकाऱ्याने ती पूर्णत्वाला नेली. वर काढलेली 'एस-४' च या चाचण्यांसाठी वापरली गेली.

२३ मे १९३९ ला 'स्क्वॉलस' ही नवीकोरी पाणबुडी न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्यापलीकडे चाचणीची बुडी मारत असताना इंजिनाला हवा पुरवणाऱ्या मुख्य झडपेतून पाणी आत घुसलं आणि ती २४० फुटांवर गेली. मागच्या भागातले २६ जण गेले. पुढच्या भागातल्या ३३ जणांना घंटेने चार फेऱ्यांत जिवंत वर आणलं. शेवटच्या फेरीत तारेचे पीळ सुटू लागले होते, तरी ती वर आली. बुडालेल्या पाणबुडीतून इतक्या खोलीवरून माणसं अशी बाहेर काढणं तोवर कुणालाही जमलं नव्हतं. पाणबुडीही वर काढून दुरुस्त झाली आणि 'सेलफिश' या नावाने पुन्हा दाखल झाली. तिला बुडालेली असताना शोधून काढलं होतं तिच्याच जोडीच्या 'स्कल्पिन' ने. डिसेंबर १९४३ मध्ये 'सेलफिश' ने एक जपानी विमानवाहू नौका बुडवली. त्या नौकेवर 'स्कल्पिन' चे २१ युद्धकैदी होते. त्यांतला एक वाचला.

रचनेच्या बाजूने वळण आलं ते १९३० च्या लंडन करारानंतर. अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांना प्रत्येकी एकूण ५२,७०० टन पाणबुड्यांची मर्यादा पडली. एकूण टनभार ठरलेला, तेव्हा बोटी जितक्या मोठ्या तितक्या कमी. त्यामुळे बडेजाव आपोआप सुटला. याच सुमारास प्रत्यक्ष पाणबुडीवर राबलेले अधिकारी आपापसांत बसून नौदलाला सांगू लागले की आम्हाला ताफ्याबरोबर धावणारी बोट नको, एकटीने लांब जाऊन टिकणारी, भरवशाची बोट हवी. १९३५ च्या 'पॉरपॉइझ' पासून ती आकार घेऊ लागली. रिव्हेटच्या जागी वेल्डिंग आलं, त्यामुळे टाक्यांतून तेल झिरपून पाण्यावर माग उमटण्याचं भय कमी झालं.

इंजिनाचा प्रश्न सुटला त्यात रेल्वेचा मोठा वाटा आहे. हलकं पण ताकदवान डिझेल इंजिन नौदलाला हवं होतं, तसंच ते रेल्वेलाही हवं होतं. १९३४ मध्ये 'झेफर' ही चकचकीत आगगाडी डेन्व्हरहून शिकागोला एका दिवसात धावली ती विंटन कंपनीच्या इंजिनावर, आणि त्याच जातीची इंजिनं 'पॉरपॉइझ' मध्ये बसली. वातानुकूलनाचा पहिला प्रयोग त्याआधी 'कटलफिश' वर झाला होता. कित्येकांना ती निव्वळ चैन वाटे. पण उष्ण कटिबंधात बंद पोलादी नळकांड्यात ७०-८० माणसं आठवडेच्या आठवडे राहणार, त्यांच्या श्वासाचं पाणी विजेच्या तारांवर ठिबकणार आणि तारा जळणार. माणूस आणि यंत्र दोघांनाही थंड, कोरडी हवा लागत होती.

१९४० मध्ये दाखल झालेल्या 'टॅम्बॉर' मध्ये हे सगळं एकत्र आलं. पुढे सहा आणि मागे चार अशा दहा टॉर्पेडो नळ्या, २४ टॉर्पेडो, सुमारे ११,००० सागरी मैलांचा पल्ला. 'गॅटो', 'बलाओ' आणि 'टेंच' हे युद्धकाळातले वर्ग तिचेच वंशज. 'डियाब्लो' टेंच वर्गातली.

बोट तयार झाली, टॉर्पेडो झाला नव्हता. शत्रूच्या जहाजाच्या चुंबकीय क्षेत्राने पेटणारी गुप्त कळ ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या कारखान्यात तयार झाली. १९२६ मध्ये जुन्या पाणबुडीवर तिच्या दोन प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. एक फसली, दुसरी यशस्वी झाली, आणि तेवढ्यावर काम संपलं असं मानलं गेलं. टॉर्पेडो महाग, सुमारे १०,००० डॉलरचा. वाया कोण घालवणार? नवा 'मार्क १४' लावलेल्या खोलीपेक्षा दहाएक फूट खालून पळतो, हे १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात मासेमारीच्या जाळ्यावर टॉर्पेडो सोडून पाहिले तेव्हा सिद्ध झालं. सगळे दोष निघायला १९४३ ची शरद उजाडली. तोवर कप्तान जिवावर उदार होऊन शत्रूच्या जवळ जात होते आणि त्यांचे टॉर्पेडो जहाजांच्या खालून निघून जात होते. वीस वर्षांच्या मेहनतीत एवढी एक काटकसर फार महागात पडली.

कायद्याचीही एक बाजू होती. लंडन कराराच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे पाणबुडीने व्यापारी जहाजावरच्या माणसांना आधी सुरक्षित जागी पोहोचवल्याशिवाय ते बुडवायचं नव्हतं. अमेरिकेने ते मान्य केलं होतं आणि तिचे कप्तान त्याच तालमीत तयार झाले होते. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच दिवशी, ७ डिसेंबर १९४१ ला, वॉशिंग्टनहून आज्ञा सुटली की जपानविरुद्ध पाणबुडी आणि विमानांचं अनिर्बंध युद्ध सुरू करा. मनिलाच्या तळावर त्या वेळी २९ पाणबुड्या होत्या.