सिंथ घरी नेल्यावर: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दांडिया बाजारातल्या दुकानातून सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) घरी गेला, की दुसऱ्या दिवशी बहुधा हा फोन येतो: "मिडीची वायर लावली, दिवा लुकलुकतो, पण आवाज नाही!" यंत्र बिघडलेलं नसतं. मिडी ही वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायची भाषा; तिच्यातून आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात (१ ते १२७), कधी सोडली, एवढा निरोप फक्त जातो. आवाजासाठी सिंथच्या आउटपुटपासून ऑडिओ इंटरफेसच्या (वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) लाइन इनपुटपर्यंत वेगळी वायर लागते. वायर एकच असेल तर 'लेफ्ट/मोनो'मध्ये लावा. काही नव्या सिंथमध्ये यूएसबीतून आवाजही जातो, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

मिडी १९८३ पासून चालत आली आहे. माळ्यावरच्या जुन्या कीबोर्डला मागे पाच पिनांचं गोल सॉकेट असेल, तर तो आजच्या लॅपटॉपला स्वस्तातल्या मिडी-यूएसबी वायरने जोडता येतो. आधी तो उतरवा, नवा नंतर घ्या. (हे दुकानदाराने सांगू नये, पण असो.)

सॉफ्टवेअरमधला सिंथ वाजवताना स्वर उशिरा येतो? बफर बघा, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप किती सॅम्पल (आवाजाचे बारीक तुकडे) साठवतो तो आकडा. ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलीसेकंद उशीर; जणू स्पीकर आठ मीटर लांब ठेवलाय. वाजवताना १२८ ठेवा, मिक्सिंगला बसलात की वाढवा.

स्पीकरमधून सतत घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली तर दोष अर्थिंगच्या वायरींनी बनलेल्या फेऱ्यात (ग्राउंड लूप) आहे. लॅपटॉप, इंटरफेस, सिंथ आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, स्पीकरला बॅलन्स्ड (घूं कमी करणारी, तीन तारांची) वायर वापरा. जुन्या घरात अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. घूं घालवायला प्लगची अर्थची जाडी पिन कापणारे महाभाग आम्ही पाहिलेत. तसं अजिबात करू नका, जिवाशी खेळ आहे.

पेटीवरून सिंथकडे येणाऱ्यांना खरी मजा पिच बेंडच्या (स्वर वर-खाली सरकवणाऱ्या) चाकात आहे, कारण पेटीवर न निघणारी मींड इथे निघते. चाकाची मर्यादा बहुधा २ सेमीटोन (काळ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक) असते, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंत. शुद्ध गंधार गाठायचा तर ४ करा. १२ नको, हात जरा हलला की स्वर भरकटतो.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग कंपनीचा सिंथ आला, तेव्हा प्रत्येक आवाज वायरी खोचून जुळवावा लागे. आता शेकडो प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेले आवाज) तयार मिळतात आणि माणूस त्यांतच फिरत बसतो. निदान आठवडाभर एकच सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लहर) आणि एकच लो-पास फिल्टर (वरचे स्वर गाळणारा) घेऊन बसा. सॉमध्ये सगळे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) असतात. कटऑफ (फिल्टर जिथून गाळायला लागतो ती मर्यादा) हळूहळू खाली आणला की वरचे एकेक गळत जातात आणि कर्कश आवाज बासरीसारखा मऊ होतो. हे कानाला कळलं की निम्मे प्रीसेट नकोसे होतात.

जोडणी आम्ही दुकानात दाखवतो. नवरात्राआधीचे पंधरा दिवस गरब्याच्या वादकांची रीघ असते, तेव्हा त्याआधी या. येताना लॅपटॉपबरोबर चार्जरही आणा.