सहावी ते आठवी : घरी शिकवण्यासाठी कॅथलिक अभ्यासक्रम निवडताना
(अमेरिकेतील मराठी भाषक कॅथलिक पालकांसाठी माहितीपत्रक)

सहावी ते आठवीच्या मुलांना घरीच शिकवू पाहणारे पालक आमच्याकडे येतात तेव्हा सर्वांत चांगला कॅथलिक अभ्यासक्रम कोणता, हे त्यांना आधी जाणून घ्यायचे असते. आम्ही त्यावर एकाच संचाचे नाव सांगत नाही. धर्मशिक्षण, इतिहास, साहित्य आणि विज्ञानातील काही प्रकरणे या विषयांत पुस्तक लिहिणाऱ्याची श्रद्धा आणि दृष्टी पानोपानी जाणवते. गणित, व्याकरण किंवा नकाशावाचनात तिचा फारसा संबंध येत नाही. म्हणून पहिल्या गटातील पुस्तके कॅथलिक दृष्टीने बारकाईने तपासावीत आणि दुसऱ्या गटातील पुस्तके केवळ मुलाची पातळी पाहून घ्यावीत, असा आमचा सल्ला असतो. सगळे विषय एकाच प्रकाशकाकडून घेण्याची सोय मोठी आहे हे खरे. पण त्या सोयीपायी गणितात मागे असलेल्या मुलाच्या हाती झेपणार नाही असे पुस्तक पडते आणि वर्षाच्या मध्यावर सगळा संच बाजूला पडतो.

धर्मशिक्षणाचे पुस्तक

मुलांना शिक्षण देण्याचे कर्तव्य आणि हक्क आईवडिलांचा आहे, आणि कॅथलिक शिक्षणाची साधने निवडण्याचाही त्यांना हक्क आहे, असे १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ७९३ वे कलम सांगते. त्याच संहितेतील ८२७ व्या कलमानुसार पवित्र शास्त्र, ईशज्ञान, ख्रिस्तसभेचा इतिहास आणि नीतिशिक्षण या विषयांची पुस्तके शाळेत पाठ्यपुस्तक म्हणून वापरायची असतील, तर ती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांच्या संमतीने प्रसिद्ध झालेली किंवा त्यांनी नंतर मान्य केलेली असावी लागतात. ही संमती बहुधा मुखपृष्ठानंतरच्या पानामागे 'निहिल ऑबस्टॅट' आणि 'इम्प्रिमातुर' या शब्दांनी नोंदवलेली असते. पहिल्या नोंदीचा अर्थ तपासनिसाला पुस्तकात श्रद्धेच्या विरोधात काही आढळले नाही असा, आणि दुसरीचा अर्थ बिशपांनी प्रकाशनास परवानगी दिली असा. पुस्तक मुलांना समजेल अशा भाषेत आहे की नाही, याची हमी या दोन्हींपैकी एकही नोंद देत नाही. शिवाय मूळ पुस्तकाला मिळालेली संमती नव्या आवृत्तीला किंवा भाषांतराला आपोआप लागू होत नाही; त्यामुळे हातातल्या प्रतीवर जी आवृत्ती छापली आहे तिचीच नोंद पाहावी.

अनेक पालकांना १८८५ चा बाल्टिमोर कॅटेकिझम (श्रद्धेची तत्त्वे शिकवणारे पुस्तक) आवडतो, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे : प्रश्न छोटे, उत्तरे नेमकी, पाठांतराला सोपी. मात्र त्यानंतर दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, नवी कायदेसंहिता आली आणि १९९२ मध्ये कॅथलिक ख्रिस्तसभेचा आजचा कॅटेकिझम प्रसिद्ध झाला. जुन्या आवृत्तीत ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी मध्यरात्रीपासून उपवास सांगितलेला दिसेल. आज हा उपवास एक तासाचा आहे. श्रद्धेची तत्त्वे बदललेली नाहीत, शिस्तीचे नियम बदलले आहेत. आणि बारा वर्षांच्या मुलाला हा फरक समजावून सांगता येतो, किंबहुना याच वयात तो सांगावा. जुने पुस्तक पाठांतरासाठी जरूर ठेवावे. मुख्य पुस्तक मात्र आजच्या कॅटेकिझमवर आधारलेले असावे.

या वयात पाठांतर पुरेसे ठरत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. आठ वर्षांचे मूल देवाने जग निर्माण केले हे आनंदाने ऐकते. तेच मूल बारा वर्षांचे झाले की मग जगात दुःख का, असे विचारते. चांगले पुस्तक हा प्रश्न टाळत नाही आणि चार ओळींत निकालातही काढत नाही. पुस्तक निवडताना अनुक्रमणिकेवर थांबू नये; दुःख, विवेकबुद्धी, प्रायश्चित्त संस्कार यांवरची प्रकरणे पूर्ण वाचावीत. पौगंडावस्था आणि लैंगिकतेवरचा भाग पालकांनी आधी स्वतः वाचावा, कारण प्रकाशकाप्रमाणे त्यातला मोकळेपणा फार कमीजास्त असतो.

दृढीकरण संस्काराचे वेळापत्रकही याच तीन वर्षांत अडकते. अमेरिकेच्या बिशप परिषदेच्या नियमानुसार हा संस्कार समजूत येण्याच्या वयापासून साधारण सोळाव्या वर्षापर्यंत कधीही दिला जातो आणि नेमके वय त्या त्या धर्मप्रांताचे बिशप ठरवतात. अनेक धर्मग्रामांत त्यासाठी दोन वर्षांची वेगळी तयारी असते. तेव्हा धर्मशिक्षणाच्या पुस्तकाची मागणी नोंदवण्याआधी आपल्या धर्मग्रामातील फादरांना किंवा धर्मशिक्षण विभागाला भेटून घ्यावे; नाहीतर दोन पुस्तके समांतर चालवण्याचा भार मुलावर पडतो.

इतिहास आणि विज्ञान

इतिहासाचे पुस्तक पारखण्याची आमची एक रीत आहे : त्यात गॅलिलिओचे प्रकरण शोधावे. १६३३ मध्ये त्याला शिक्षा झाली हे पुस्तक स्पष्ट सांगते का, सूर्य स्थिर आहे या मताला त्या काळी निर्णायक पुरावा मिळालेला नव्हता हे सांगते का, आणि १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या प्रकरणातील चूक मान्य केली हे सांगते का? तीनही गोष्टी असतील तर बाकीचे पुस्तकही बहुधा प्रामाणिक असते. ख्रिस्तसभेच्या चुका झाकणारे पुस्तक धोक्याचे, कारण मुलाला त्या पुढे कुठून तरी कळतातच. आणि मध्ययुगाला सरसकट अंधारयुग म्हणणारे पुस्तक एकांगी, कारण विद्यापीठे त्याच काळात उभी राहिली. हीच कसोटी धर्मयुद्धांवरच्या, १५१७ नंतरच्या धर्मसुधारणेवरच्या आणि कॅलिफोर्नियातील स्पॅनिश मिशनांवरच्या पानांना लावता येते.

विज्ञानात अडचण वेगळी आहे. गृहशिक्षणासाठी छापलेल्या विज्ञानाच्या काही पुस्तकांचे लेखक प्रॉटेस्टंट आहेत आणि ते बायबलमधील 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील सहा दिवस शब्दशः घेतात. पुस्तक धार्मिक दिसते म्हणून कॅथलिक पालक ते घेतात आणि ख्रिस्तसभेची भूमिकाही तीच असावी असा मुलाचा समज होतो. प्रत्यक्षात पोप पायस बारावे यांनी १९५० मध्येच, मानवी शरीर आधीच्या सजीवांपासून विकसित झाले असावे काय याचा अभ्यास करण्यास मनाई नाही, मात्र आत्मा परमेश्वर थेट निर्माण करतो, असे स्पष्ट केले होते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगर मेंडेल ऑगस्टिनियन संन्यासी होते आणि १९२७ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचे गणित मांडणारे जॉर्ज लमेत्र धर्मगुरू होते. श्रद्धा आणि विज्ञान यांत एकाची निवड करावी लागते असे सुचवणारे पुस्तक घेण्यापेक्षा साधे धर्मनिरपेक्ष विज्ञानाचे पुस्तक घ्यावे आणि जोडीला घरी चर्चा करावी, असे आम्हांला वाटते.

गणित, लेखन, लॅटिन

गणितात मुलाची इयत्ता पाहू नये, त्याची पातळी पाहावी. अपूर्णांक, गुणोत्तर आणि ऋण संख्या पक्क्या नसतील तर बीजगणित उभेच राहत नाही. बहुतेक प्रकाशक पातळी ठरवणारी चाचणी देतात. ती मदत न करता सोडवून घ्यावी आणि निकाल एक इयत्ता खाली आला तरी त्याप्रमाणेच पुस्तक मागवावे. आठवीत बीजगणित पूर्ण झाले तर पुढे सोयीचे असते, पण ते घाईने उरकण्यासारखे नाही.

लेखनात परिच्छेदाकडून निबंधाकडे जाण्याची हीच वर्षे, आणि येथे पुस्तकापेक्षा तपासणारी व्यक्ती महत्त्वाची ठरते. लॅटिन चांगलेच, मात्र रोज वेळ देता येत नसेल तर ते नंतर सुरू करावे.

रोजचे काम कोण करणार?

नोंदणी घेणाऱ्या संस्था पाठयोजना, चाचण्या, गुणपत्रके देतात आणि निबंधही तपासतात. पालकांचे काम कमी होते, पण वेळापत्रक संस्थेचे चालते. नुसता पुस्तकसंच घेतला तर मोकळीक मिळते, पण तपासणी आणि नोंदी आपल्याला ठेवाव्या लागतात. थेट ऑनलाइन वर्ग हा तिसरा मार्ग, आई आणि वडील दोघेही नोकरी करत असतील तर बहुधा तोच व्यवहार्य. कोणताही संच घेण्यापूर्वी त्याच्या पालकपुस्तिकेतील एका आठवड्याची पाठयोजना मागवून घ्यावी आणि त्यातील किती काम मुलाला एकट्याने करता येईल हे मोजावे. घरात आणखी लहान भावंडे असतील तर हा हिशेब सर्वांत आधी करावा.

राज्याचे नियम

गृहशिक्षण पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम सारखे नाहीत. टेक्सास आणि न्यू जर्सीमध्ये सुरुवातीला कळवावेही लागत नाही. न्यू यॉर्कमध्ये वार्षिक आराखडा आणि दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो, तसेच सहावीपर्यंत वर्षाला ९०० तास आणि सातवीपासून ९९० तास शिकवावे लागते. पेनसिल्व्हेनियात प्रतिज्ञापत्र, मुलाच्या कामाची फाइल, मान्यताप्राप्त मूल्यमापकाची तपासणी आणि आठवीत प्रमाणित चाचणी, एवढे सगळे आहे. कॅलिफोर्नियात सरकारी निधीवर चालणाऱ्या चार्टर शाळेमार्फत शिकवत असाल तर तिच्या निधीतून धार्मिक पुस्तके घेता येत नाहीत. ती स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागतात.

नववीला कॅथलिक हायस्कूलमध्ये घालायचा विचार असेल तर त्या शाळेची प्रवेशचाचणी कोणती आणि ती आठवीत कधी होते हे सातवीतच विचारून ठेवावे, आणि तोपर्यंतच्या सर्व गुणांची व वाचलेल्या पुस्तकांची नोंद जपावी.

आमच्याकडे येताना मुलाची गणिताची चाचणी, त्याने अलीकडे लिहिलेला एखादा निबंध, धर्मग्रामाच्या दृढीकरण वर्गाचे वेळापत्रक आणि आपल्या राज्याचे नियम सोबत आणावेत. शक्य असल्यास मुलालाही आणावे. दोन पुस्तकांतले कोणते वाचावेसे वाटते, हे ते पाच मिनिटांत सांगते. लिहून वापरलेल्या सरावपुस्तिका आम्ही परत घेऊ शकत नाही, म्हणून चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत गणिताची मागणी नोंदवू नये.