बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) शवचिकित्सा झाली, आता पुढचे कागद कसे काढायचे

घरात कुणी अपघाताने किंवा अचानक गेलं की पहिल्या दिवशी कुणाला कागद सुचत नाहीत, आणि नेमकं त्याच दिवशी जे लिहिलं जातं ते पुढे वर्षभर छळतं. वाड्यावरच्या लोकांबरोबर मी शवागाराबाहेर बऱ्याच वेळा थांबलोय, परत आलेले क्लेम हातात घेऊन रडणारी माणसं बघितलीत, म्हणून हे लिहून ठेवतोय.

एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, ज्यात पोलिसांना कळवावंच लागतं. अपघात, बुडणं, भाजणं, विष, साप चावणं, गळफास, मारहाण, आणि कारणच माहीत नाही असा मृत्यू, सगळं यात येतं. पाडेली (नारळ पाडणारा) माडावरून पडला, बारा दिवस वॉर्डात होता, मध्ये न्यूमोनिया झाला आणि गेला, तरी ती एमएलसीच, कारण सुरुवात पडण्यापासून झाली. यात शवचिकित्सेला घरच्यांची परवानगी लागत नाही, पोलिसांचा पंचनामा आणि त्यांचं डॉक्टरांना लेखी पत्र पुरतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९४, जुनं १७४). बाईच्या लग्नाला ७ वर्षं झाली नसतील तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते, त्याला थोडा जास्त वेळ जातो.

माणूस हॉस्पिटलच्या दारात पोचण्याआधीच गेलेला असेल तर 'ब्रॉट डेड' लिहितात. तिथे लोक डॉक्टरांच्या पाया पडतात, "हार्ट अटॅक लिहा ना डॉक्टर, बीपी होतं त्यांना, शवचिकित्सा नको." अहो, ज्या डॉक्टरने माणसाला जिवंत बघितलंच नाही तो कारण कसं लिहिणार? लिहिलं तर तोच अडकेल. त्याच्यावर राग काढू नका, जुन्या आजाराची फाईल असेल तर ती मात्र नक्की द्या, शवचिकित्सा करणाऱ्याला तिचा खरंच उपयोग होतो.

आता जिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते. नाव. ओळख पटवायला शेजारी किंवा पुतण्या पुढे होतो, हवालदार विचारतो नाव काय, तो सांगतो "बाबू नाईक", कारण अख्खा गाव त्याला बाबूच म्हणतो. आधारवर नाव दामोदर. हा बाबू मग पंचनाम्यातून शवचिकित्सेच्या रिपोर्टात जातो, तिथून मृत्यू दाखल्यात, आणि विमावाला म्हणतो हा आमचा पॉलिसीधारकच नाही. एका बाईला एवढ्यासाठी आठ महिने हेलपाटे घालावे लागले, एका ऑफिसात सांगत आधी तिकडे दुरुस्त करून आणा, तिकडे सांगत आधी इकडून आणा. म्हणून ओळख पटवायला जाणाऱ्याच्या हातात आधार कार्ड असू दे, मोबाईलवर फोटो असला तरी चालेल, आणि पंचनाम्यावर सही करायच्या आधी नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता शांतपणे वाचा. त्या वेळी डोळ्यांना पाणी असतं, कळतं मला, पण दोन मिनिटं वाचाच. नंतर दाखला दुरुस्त होतो, कायद्यात सोय आहे, पण त्यात किती दिवस जातात ते बघितलंय.

दुसरा गैरसमज कारणाचा. डॉक्टर लिहितात मृत्यू कशाने झाला, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव वगैरे. तो अपघात होता, आत्महत्या होती की कुणी ढकललं, हे ठरवणं पोलीस तपासाचं आणि कोर्टाचं काम. रिपोर्टात 'अपघात' शब्द नाही म्हणून काही घोटाळा आहे असं धरून बसू नका, अपघात दाखवायला एफआयआर आणि पंचनामा जोडायचा असतो.

तिसरं, 'मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन केला'. हे वाचून लोक घाबरतात. विषाची शंका असली किंवा उघड्या डोळ्यांनी कारण सापडलं नाही की जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड असे भाग मिठाच्या संपृक्त पाण्यात आणि रक्त वेगळ्या बाटलीत भरून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवतात. तिथला रिपोर्ट आला म्हणजे काम संपलं असं नाही. तो पोलिसांकडे येतो, पोलिसांनी तो परत डॉक्टरकडे न्यायचा, मग डॉक्टर अंतिम मत देणार. मधला हा फेरा कुणी सांगत नाही आणि कागद पोलीस स्टेशनच्या कपाटात पडून राहतो! तुम्ही तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नमुने कुठल्या जावक क्रमांकाने आणि कधी पाठवले ते लिहून घ्या, आणि दर पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाने विचारा. रिपोर्टाच्या प्रतीसाठीही आधी त्याच पोलीस स्टेशनला अर्ज, सोबत नात्याचा पुरावा आणि तुमचं ओळखपत्र.

मृत्यू दाखला या सगळ्यासाठी थांबत नाही, अंतिम मत यायचं असलं तरी नोंद होते. नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे पंचायत किंवा नगरपालिकेत, राहत्या गावात नाही. काणकोणचा माणूस बांबोळीच्या हॉस्पिटलात वारला तर काणकोणच्या पंचायतीत खेपा घालून उपयोग नाही. मुदत २१ दिवस. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत लेट फी, ३० दिवसांनंतर वर्षापर्यंत जिल्हा रजिस्ट्रारची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश.

आणि जिथे पैसे बुडतात ते आता सांगतो. गाडीच्या अपघातात भरपाईचा दावा अपघात झाल्याच्या तारखेपासून ६ महिन्यांत घालायचा असं मोटार वाहन कायद्यात आहे, २०२२ पासून. व्हिसेरा रिपोर्ट आल्यापासून नाही, शवचिकित्सेचा रिपोर्ट हातात पडल्यापासूनही नाही. लोक अंतिम मताची वाट बघत बसतात आणि ६ महिने निघून जातात. दावा आधी घाला, कागद मागाहून जोडता येतात, वकिलालाही हे स्पष्ट सांगा. तसंच बँक पासबुक काढून बघा, वर्षाला २० रुपये कापले गेले असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. त्याचा फॉर्म शक्यतो ३० दिवसांत त्याच बँकेच्या शाखेत द्यायचा. कितीतरी घरांना ही पॉलिसी होती हेच माहीत नसतं, कारण खातं उघडताना बँकेतल्या कुणीतरी सही घेतलेली असते आणि पासबुक तेव्हापासून कपाटात. ते काढा, एण्ट्री करून आणा आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली नोंद बघा, हप्ता बहुतेक तेव्हाच कापला जातो.